वाचकांचे प्रश्न : सीमा न मानणाऱ्या डॉक्टरांबद्दल

प्रश्न : २०२१ च्या पुरानंतर आमच्या चिपळूणला किती संस्था आल्या, कोणी लेप्टोच्या गोळ्या वाटल्या, कोणी पाणी. तेव्हा पुतण्या म्हणाला की जगात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' नावाची मोठी संस्था आहे, ती रेड क्रॉसचीच शाखा. खरं आहे का? आणि ती सुरू कशी झाली?
— एक वाचक, खेर्डी

उत्तर : शाखा नाही हो, पण पुतण्या अगदीच चुकलाय असंही नाही, कारण ही संस्था काढणारे बरेच डॉक्टर आधी रेड क्रॉसच्याच कामावर होते. १९६७ ला नायजेरियातून बियाफ्रा नावाचा भाग फुटून निघाला, सरकारनं त्याची नाकेबंदी केली, आत माणसं, विशेषतः लहान मुलं, उपासमारीनं मरायला लागली, आणि फ्रेंच रेड क्रॉसनं तिथे डॉक्टर पाठवले, त्यात बर्नार कुशनेर आणि माक्स रेकामिए होते. रेड क्रॉसची रीत अशी की दोन्ही बाजूंनी आत येऊ द्यायला हवं, म्हणून बाहेर येऊन कोणाबद्दल बोलायचं नाही. ह्या दोघांनी १९६८ मध्ये ल माँद ह्या पेपरात लिहून आपण काय बघितलं ते सांगितलं. मग १९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ते भयंकर चक्रीवादळ झालं, लाखो माणसं गेली, तेव्हा पॅरिसच्या 'टोनस' नावाच्या डॉक्टरांच्या मासिकानं आवाहन केलं की संकटात धावून जाणाऱ्या डॉक्टरांची एक तुकडी उभी करूया. बियाफ्रातून परतलेले डॉक्टर आणि टोनसची मंडळी असे हे दोन गट एकत्र आले आणि २२ डिसेंबर १९७१ ला पॅरिसमध्ये संस्था स्थापन झाली, फ्रेंच नाव मेदसँ साँ फ्राँतिएर. स्थापना करणाऱ्यांत डॉक्टरांबरोबर पत्रकारही होते.

आता एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी चुकीची सांगतात. सगळे म्हणतात ही संस्था बोलण्यासाठीच जन्माला आली. पण १९७१ ची त्यांची पहिली सनद बघितली तर तिच्यात उलटच आहे, कुठल्याही देशाच्या अंतर्गत कारभारावर मत द्यायचं नाही, गप्प राहून उपचार करायचे. म्हणजे ज्या मौनावर कुशनेर आणि मंडळी चिडली होती तेच मौन त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण संस्था म्हणून बोलायची हिंमत पहिल्या दिवशी नव्हती, ती पुढे कामातून आली.

सुरुवातही काही भव्य नव्हती. १९७२ च्या डिसेंबरात निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात भूकंप झाला, ही त्यांची पहिली मोहीम, आणि ते तिथे पोचले तीन दिवसांनी, तोवर रेड क्रॉसचं काम जोरात चालू होतं. आपल्याकडे पुराचं पाणी चढलेलं ज्यानं बघितलंय त्याला कळेल की पहिल्या रात्री शेजारीच धावतो, लांबून येणारा उशिराच येतो. मग उपयोग कशाचा, तर आधी बांधून तयार ठेवलेल्या औषधांच्या पेट्या, पाण्याच्या टाक्या, कॉलऱ्याची सलाईन, हे सगळं उचललं की निघालं अशा तयारीचा, आणि ही तयारी त्यांनी १९८० च्या दशकात नीट बसवली. त्याआधी १९७९ ला मोठं भांडण झालं. व्हिएतनाममधून समुद्रात होड्यांतून पळणाऱ्या लोकांसाठी जहाज पाठवायचं कुशनेरच्या मनात होतं, संस्थेतलेच दुसरे डॉक्टर क्लोद मालुरे आणि बाकीच्यांना वाटत होतं की गाजावाजा पुरे, आता पगारी, शिकलेली माणसं घेऊन शिस्तीत काम करू. कुशनेर बाहेर पडले आणि १९८० ला त्यांनी 'मेदसँ द्यू मोंद' ही वेगळी संस्था काढली. मला दोघांचंही पटतं, पण संस्था टिकली ती मालुरेंच्या वाटेनं.

आणि बोलण्याची खरी परीक्षा इथिओपियात झाली. १९८४-८५ च्या दुष्काळात जगभरातून मदत जात होती आणि तिथलं सरकार त्याच धान्याच्या आमिषानं लोकांना गोळा करून जबरदस्तीनं दक्षिणेला हलवत होतं, त्यात माणसं मरत होती. संस्थेच्या फ्रेंच शाखेनं हे जाहीरपणे सांगितलं आणि १९८५ ला सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं. बाकीच्या बऱ्याच संस्था राहिल्या. ह्यात बरोबर कोण? बोललात तर तुमचे पेशंट मागे राहतात, नाही बोललात तर तुमची मदतच लोकांवर वापरली जाते. मी माझं सांगतो, मी त्या फ्रेंच डॉक्टरांच्या बाजूचा.

प्रश्न : आंब्याचा सीझन झाला की मी थोडे पैसे मदतीला देतो. एवढ्या मोठ्या संस्थेला दिले तर ते जागेवर पोचतात का?
— बागायतदार, देवगड

उत्तर : एकच उदाहरण देतो. २००४ च्या त्सुनामीनंतर सगळं जग पैसे पाठवत होतं, तेव्हा काही दिवसांतच ह्या संस्थेनं सांगितलं की त्सुनामीच्या कामाला लागतील तेवढे पैसे आले, आता त्यासाठी पाठवू नका, आणि जास्तीचे दुसऱ्या संकटाला वापरू का असं देणगीदारांना विचारलं. दुसऱ्या संस्था नाराजही झाल्या. त्यांचा बहुतेक सगळा पैसा तुमच्यासारख्या लोकांकडून येतो, सरकारांकडून फार थोडा, म्हणून तर २०१६ ला निर्वासितांच्या धोरणावर राग येऊन ते युरोपियन युनियनचे पैसे नाकारू शकले. पण माझं ऐकाल तर निम्मे पैसे तालुक्यातल्या ओळखीच्या कामाला द्या.

प्रश्न : आपल्या भारताचा ह्यात काही संबंध?
— कॉलेजविद्यार्थिनी, रोहा

उत्तर : आहे, आणि अभिमान वाटावा असा. तुमच्या रायगडात पाताळगंगेला जिचा कारखाना आहे ती मुंबईची औषध कंपनी सिप्ला. एड्सच्या तीन औषधांच्या उपचाराला तेव्हा वर्षाला माणशी दहा हजार डॉलरच्या वर खर्च यायचा, आफ्रिकेत कोणाला परवडणार? फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांनी ह्याच संस्थेला तो उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, दिवसाला एक डॉलरही नाही. आपला १९७० चा पेटंट कायदा तेव्हा औषधावर नाही तर फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट द्यायचा, म्हणजे तेच औषध वेगळ्या पद्धतीनं बनवता यायचं, म्हणून हे जमलं. १९९९ ला संस्थेला शांततेचं नोबेल मिळालं होतं, ते पैसे त्यांनी दुर्लक्षित आजारांच्या कामाला लावले आणि स्वस्त औषधांची मोहीमही त्याच वर्षी सुरू केली. मुंबईत गोवंडीला औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे पेशंटही त्यांनी बघितलेत.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. माझ्यासारखीला जाता येतं का?
— एक नर्स, दापोली तालुका

उत्तर : येतं ताई. त्यांना नर्स लागतात, डॉक्टरांइतक्याच. दोनेक वर्षांचा अनुभव आणि इंग्रजी हवं, फ्रेंच येत असेल तर आफ्रिकेत उपयोग होतो. बाळंतपणं केलेली असतील, लसीकरणाला वाड्यावाड्यांवर फिरला असाल तर तो अनुभव अर्जात ठळक लिहा. पण धोका लपवणार नाही. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदुझच्या त्यांच्या हॉस्पिटलवर अमेरिकन विमानानं हल्ला केला, हॉस्पिटल कुठे आहे ते आधी कळवलेलं असूनसुद्धा. ४२ माणसं गेली, त्यात १४ तिथले कर्मचारी होते. आधी घरच्यांशी बोला, मग अर्ज करा, आणि पहिल्या वेळी कुठल्या देशात पाठवणार ते मुलाखतीतच विचारून घ्या.