गाण्यातला ऊस, गाण्यातली तिफण
(गाण्यांतील शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

प्रश्न : आमच्या भागात लग्नाच्या वरातीत ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ ही लावणी बँडवाले हमखास वाजवतात. फड म्हणजे तमाशाचा फड आणि तुरा म्हणजे फेट्याचा तुरा, असे मी आजवर समजत आलो. मग पुढच्याच ओळीत उसाला कोल्हा लागण्याची गोष्ट कोठून येते? एका मित्राचे म्हणणे असे की, हा कलगी-तुऱ्याच्या सामन्याचा उल्लेख आहे. नेमका अर्थ काय?
— एक शेतकरी वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपला घोटाळा होणे साहजिक आहे, कारण हे गाणे उसाच्या मुलखातले आहे आणि आपण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुलखातले. उमरखेडकडचा पट्टा सोडला तर आपल्या जिल्ह्यात उसाचे उभे रान सहसा नजरेस पडत नाही, त्यामुळे ‘फड’ म्हटल्यावर आपल्याला तमाशा किंवा कुस्ती आठवते. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मात्र या शब्दाने आधी उसाचे उभे पीक दिसते. ‘फडात तोड चालू आहे’ असे तो रोजच्या बोलण्यात म्हणतो. तुराही फेट्याचा नव्हे. ऊस पुरता वाढला की त्याच्या शेंड्यातून करड्या-पांढऱ्या, रेशमासारख्या मऊ फुलोऱ्याची जी लांब दांडी बाहेर पडते, ती म्हणजे तुरा. तुरा आला की उसाची वाढ थांबते, आणि तसाच फार दिवस उभा ठेवला तर तो आतून पोकळ पडत जातो. म्हणजे तुऱ्याला आलेला ऊस हा ऐन भरातला ऊस असतो आणि त्याच दिवसांत त्याला सर्वांत जास्त जपावे लागते. कोल्हा हाही केवळ यमकासाठी आणलेला प्राणी नाही. कोल्हे गोड ऊस खरोखरच खातात आणि रात्रीतून फडाची नासाडी करतात. ‘उसाला कोल्हा लागणे’ हे त्या भागातल्या शेतकऱ्याचे प्रत्यक्ष दुखणे आहे.

आता अर्थ आपोआप उलगडतो. वयात आलेल्या मुलीला कोणी जाणती बाई सांगते आहे की, तुझे पीक ऐन भरात आले आहे, राखण कर. आपल्याकडे हेच सांगायचे असते तर कवीने ज्वारी पोटऱ्यावर आल्याचे सांगितले असते आणि कोल्ह्याच्या जागी रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आणून मचाणावर जागलीला बसायला लावले असते.

कलगी-तुऱ्याचा अर्थ मला पटत नाही. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात आणि तुरेवाले शिवाचा, ही शाहिरीची परंपरा खरी आहे आणि तमाशाच्या फडाशी तिचे नातेही आहे. पण ‘तुऱ्याला येणे’ ही बोलण्याची ढब शेतकऱ्याची आहे. जसे पीक फुलोऱ्याला येते, तसा ऊस तुऱ्याला येतो. शाहिराच्या पक्षाबद्दल असे कोणी बोलत नाही. मात्र ‘फड’ या शब्दाचे दोन्ही अर्थ कवीच्या कानात एकाच वेळी वाजत असणार, हे मी मान्य करतो. लावणी फडावरच गायली जाते आणि ती गाणारीलाही आपला फड सांभाळावाच लागतो. हे गाणे ‘मल्हारी मार्तंड’ या चित्रपटातले, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुलोचना चव्हाण यांनी गायिलेले आहे. ज्या लेखणीतून गीतरामायण उतरले तिच्यातूनच ही लावणीही उतरली. माणदेशात वाढलेल्या या कवीला शेतातला शब्द कोठे आणि कसा ठेवावा, हे पुरते ठाऊक होते. वरातीत या गाण्यावर जे हावभाव केले जातात ते पाहून मला वाईट वाटते, कारण मूळ शब्दांत मायेने दिलेला इशारा आहे.

प्रश्न : ‘बुगडी माझी सांडली गं जाता साताऱ्याला’ या गाण्यात बुगडी ‘सांडते’ कशी? सांडते ते दूध किंवा पाणी. आणि गाणारी ज्याला चुगली सांगू नका म्हणते, तो म्हातारा म्हणजे नवरा की बाप? आमच्या वसतिगृहात यावरून दोन तट पडले आहेत.
— एक विद्यार्थिनी, चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : सांडणे म्हणजे फक्त पातळ पदार्थ ओघळणे, हा अर्थ आज उरला आहे, जुन्या मराठीत गळून पडणे, हातातून सुटणे, टाकून देणे हे सारेच ‘सांडणे’ होते. पसायदान आपण सगळेच म्हणतो. त्यातले ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आठवून पाहा: दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो, असे ज्ञानदेव तेथे मागतात. तोच शब्द शेकडो वर्षे खेड्यातल्या बायकांच्या बोलण्यात टिकला आणि 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटात, आशा भोसले यांच्या आवाजात, पुन्हा घराघरांत पोहोचला. बुगडी कानाच्या वरच्या पाळीत घालतात. फिरकी सैल झाली की ती कधी गळून पडली ते कळतही नाही, त्यामुळे ‘सांडली’ हा शब्द येथे अगदी नेमका बसतो.

म्हाताऱ्याचे कोडे मात्र गाणे स्वतः सोडवत नाही. आपल्याकडे ‘माया बुढा’ म्हटले की बापही होतो आणि म्हातारा नवराही. घाटावरच्या बोलीत ‘माझा म्हातारा’ तसाच दोन्हींकडे जातो. मी बापाच्या बाजूचा आहे, कारण चुगली ही बहुतेक वेळा घरातल्या धाकट्याची थोरल्याकडे केली जाते आणि दागिना हरवल्याची धास्ती लेकीला बापाची जास्त असते. दुसऱ्या तटाचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही, तेव्हा ते हरल्याचे जाहीर करू नका.

प्रश्न : आमच्या गावात डीजेवर ‘गंगनम स्टाइल’ अजूनही लागते. सर म्हणतात, तो शब्द निरर्थक आहे, नुसता ठेका आहे. खरे आहे का?
— इयत्ता नववीचा विद्यार्थी, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : निरर्थक मुळीच नाही; ते एका ठिकाणाचे नाव आहे. दक्षिण कोरियाची राजधानी सोल हान नदीच्या दोन्ही काठांवर वसली आहे. कोरियन भाषेत ‘गंग’ म्हणजे नदी आणि ‘नम’ म्हणजे दक्षिण. तेव्हा गंगनम म्हणजे नदीच्या दक्षिणेचा भाग. वर्धा नदीच्या पलीकडचे म्हणून आपण वऱ्हाडातल्या माणसाला ओळखतो, तसलेच हे नाव. तेथे श्रीमंत लोकांची वस्ती आहे. नागपुरात कोणी ‘धरमपेठेतला’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे येते, ते तेथल्या माणसासमोर गंगनम म्हटल्यावर येते. साय या गायकाचे हे गाणे जुलै 2012 मध्ये आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात यूट्यूबवर 100 कोटी वेळा पाहिले गेलेले ते पहिले चलचित्र ठरले. त्यात तो गंगनमची ऐट नसतानाही ती मिरवणाऱ्यांची थट्टा करतो. जे खरोखर तेथे राहतात ते तसे सांगत फिरत नाहीत, असे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. आता ते चलचित्र पुन्हा पाहा, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखा तो नाच आणि ती श्रीमंती कपडे घालून केलेली धडपड वेगळी दिसेल.

प्रश्न : माझी नात पुण्याला शिकते. तिला शाळेच्या कार्यक्रमात ‘काळ्या मातीत मातीत तिफन चालते’ या गाण्यावर नाचायचे आहे. तिने फोनवर विचारले की, आजी, ‘ईज’ नाचते म्हणजे कोण नाचते, आणि पार्वतीने पोटाला ओटी बांधली म्हणजे तिला बाळ होणार आहे का? मी जन्मभर पेरणी केली, पण फोनवर तिला समजावून सांगता आले नाही. आपण सांगावे.
— एक आजी, अकोट तालुका, जि. अकोला

उत्तर : आजी, हे गाणे आपल्याच मातीतले आहे. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांची ही वऱ्हाडी कविता पुढे ‘अरे संसार संसार’ या चित्रपटात आली आणि सुरेश वाडकर व अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात महाराष्ट्रभर पोहोचली. कवितेने आपली बोली सोडली नाही म्हणून पुण्यातल्या मुलीला ती अडते. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, तेव्हा तिफण ही ‘तिफन’ झाली. शब्दाच्या सुरुवातीची ‘वी’ ही ‘ई’ होते, तेव्हा वीज ही ‘ईज’ झाली. नाचते ती वीज आणि ढोल वाजवतात ते ढग, एवढे सांगितले की तिचा पहिला प्रश्न सुटेल.

तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार. केस विंचरायच्या फणीतला फण आणि हा फण एकच, हे तिला सांगा. फणी केसांत जशा रेघा ओढते, तशी तिफण मातीत काकर ओढत जाते. घाटावरच्या मुलांना ‘पाभर’ म्हटले तर लवकर कळेल.

ओटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे मी पाहिलेले आहे. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला की बाबा बैलांना हाकारत तिफण हाकायचे आणि माय मागे चालायची. नऊवारीच्या पदराची झोळी तिने पोटाशी घट्ट बांधलेली असायची आणि तीत पायलीभर बी. हीच ओटी. डाव्या हाताने ओटी सावरायची, उजव्या हाताने मूठ भरायची आणि ती चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या वाटीवर, धरून बोटांच्या फटीतून दाणे सोडायचे. चाड्याला खाली तीन छिद्रे, प्रत्येक छिद्रातून एक पोकळ नळी फणापर्यंत गेलेली. दाणा त्या नळीतून खडखडत उतरतो आणि काकरात पडतो. मूठ आवळली तर दाणे अडतात, सैल सोडली तर एकाच जागी ढीग पडतो. बैल चालत राहतात, थांबायला कोणी वाव देत नाही, चिखल पायाला धरतो, आणि तरी मूठ सारखी सुटत राहिली पाहिजे. तुरीच्या ओळीसाठी तिफणीच्या मागे सरते, म्हणजे वेगळे बी सोडायची एक सुटी नळी, बांधलेले असे आणि ते धरून आणखी एक बाई चालायची. आठवडाभराने कोंब वर आले की कोणाची मूठ कशी होती ते सगळ्या गावाला दिसायचे. एका वर्षी आमच्या धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) तासात हातभर जागा कोरी राहिली होती. तेथे पेरताना मी मागून हाक मारली होती आणि मायने वळून पाहिले होते. तिने मला कधी बोल लावला नाही, पण ती कोरी जागा कापणीपर्यंत तशीच दिसत होती.

गाण्यातली पार्वती अशीच ओटी बांधून सदाशिवाच्या मागे पेरत चालली आहे आणि तिफणीला नंदी जुंपला आहे. देवाधर्माचे हे चित्र कवीने उगाच आणलेले नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आपल्याकडे झडत्या, म्हणजे पोळ्याची खास गाणी, म्हणतात आणि प्रत्येक झडतीचा शेवट ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ असा होतो. बैल, महादेव आणि गौराई ही आपल्या शेतकऱ्याच्या मनात मुळातच एकत्र उभी आहेत. पचमढीच्या महादेवाला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या गाण्यांतही तीच दिसतात. म्हणून पेरणाऱ्या नवरा-बायकोला कवीने सदाशिव आणि पार्वती म्हटले.

आपल्या नातीच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र ‘चुकलीस’ असे म्हणू नका. लेकीसुनेची ओटी भरताना आपण तिच्या पदरात धान्य घालतो, आणि पेरताना बाई पदरात धान्य घेऊन ते मातीच्या हवाली करते. शब्द एकच आहे, पदर एकच आहे आणि दोन्हीकडे मागणे एकच आहे की, हे बी रुजू दे. काळी माती त्या गाण्यात पावसाने न्हाऊन उठते, ती कशासाठी, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पार्वतीच्या पोटाशी बी आहे आणि धरतीच्या पोटात ते जाणार आहे. मुलीने शेत न पाहता यातला अर्धा अर्थ बरोबर ओळखला आहे.

फोनवर हे सांगता येणार नाही, तेव्हा ती दिवाळीत येईल तेव्हा तिच्या ओढणीची ओटी बांधून द्या, तीत दोन पसे गहू घाला आणि अंगणात एक रेघ ओढून तिला मूठ सोडत चालायला लावा. गोठ्यात जुने चाडे लटकत असेल तर तेही काढून ठेवा. नळीतून दाणा उतरतानाचा आवाज तिला ऐकू येऊ द्या, कारण नाचताना तिच्या पायाला तोच ठेका लागणार आहे.