लंडनच्या छोट्या फ्लॅटमध्ये सोफा रेडिएटरसमोरच (भिंतीवरच्या गरम पाण्याच्या हीटरसमोर) ठेवावा लागतो, खोली नीट तापत नाही. काय करावं?

सोफा निदान 15-20 सेंमी पुढे ओढा. रेडिएटरमध्ये गार हवा खालून शिरते, तापून वर जाते. ती वाट मोकळी हवी. म्हणून उंच पायांचा सोफा बरा.

खरी गोम बहुतेकदा रेडिएटरच्या बाजूच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे आसपासच्या उबेनुसार गरम पाणी कमी-जास्त करणाऱ्या आकड्यांच्या चावीत, असते. सोफ्यामागे कोंडलेली ऊब त्याला जाणवते, खोली तापली असं समजून तो गरम पाणी कमी करतो आणि तुम्ही कुडकुडत बसता. त्याचा आकडा एकाने वाढवून बघा.

लांब पडदे रेडिएटरवर सोडू नका. जुन्या विटांच्या बाहेरच्या भिंतीवर, रेडिएटरमागे, चमकदार फॉइल लावल्यास थोडा फायदा होतो. इन्सुलेशन केलेल्या भिंतीला फारसा नाही. रेडिएटर वरून गार, खालून गरम लागत असेल तर मात्र दोष सोफ्याचा नाही, आत हवा अडकली आहे.