सुनेचं वेगळं पातेलं

सांगलीच्या विश्रामबागमधून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बुडापेस्टला नोकरीला होता. तिथलीच हंगेरियन मुलगी करून गेल्या दिवाळीत तो घरी आला आणि आता दोघं सांगलीतूनच ऑनलाइन काम करतात. ताई लिहितात: "गोऱ्या लोकांना तिखट झेपत नाही म्हणून पहिल्या दिवसापासून तिचं वेगळं शिजवते. साधं वरण, उकडलेला बटाटा, ब्रेड-बटर. ती सगळं संपवते, 'छान आहे आई' म्हणते. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमची सून आमच्याकडे खर्डा-भाकरी खाते, वर कांदा मागून घेते. मला रडूच कोसळलं. तिनं मला इतके दिवस फसवलं का? माझ्या हातचं तिला नकोय का? मुलाला विचारलं तर म्हणतो, तुमच्या दोघींच्या मध्ये मी कशाला पडू."

ताई,

तिनं तुम्हाला फसवलेलं नाही. आपल्याकडची एखादी मुलगी लांबच्या गावाहून सांगलीत सून म्हणून येते तेव्हा काय होतं, आठवा. माहेरी आमटीत गूळ असतो, इथं चटणीचा तवंग. तरी पहिले कित्येक महिने ती पुढ्यात आलेलं मुकाट्यानं खाते आणि 'छान झालंय' म्हणते. त्या मुलीला आपण वळण असलेली म्हणतो. तुमच्या सुनेनं वेगळं काय केलं? भाषा अजून अर्धीमुर्धी, घर नवीन, आणि सासू एवढ्या मायेनं तिच्यासाठी निराळं रांधतेय. 'मला हे नको, तुमच्यातलंच वाढा' असं तिनं कुठल्या तोंडानं म्हणावं?

तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. रोज दोन-दोन स्वयंपाक करायला जीव लागतो. पण जेवायला बसल्यावर तिच्या बाजूनं बघा. सगळ्यांच्या ताटात एक आणि तिच्या ताटात दुसरं, तेही रोज. पाहुण्याला आपण असं वाढतो. काकूंनी तिला बहुधा काही न विचारता भाकरी वाढली आणि बाजूला खर्डा ठेवला. तिला ते गोड लागलं असणार.

आता हंगेरीबद्दल. 'गोरे' म्हणून आपण अख्ख्या युरोपची एकच मोट बांधतो, आणि तुमची गडबड तिथंच झाली. हंगेरीत लाल मिरचीची पूड घरोघर असते, तिला ते पॅप्रिका म्हणतात. सेगेड आणि कालोचा ही गावं तर मिरचीसाठीच ओळखली जातात. तिथं घरांच्या भिंतींवर मिरच्यांच्या माळा वाळत लटकलेल्या असतात. सेगेडच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्जी या शास्त्रज्ञानं याच मिरचीतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं. त्यांना १९३७ साली नोबेल मिळालं. हंगेरियन लोकांची रोजची पॅप्रिका पुष्कळदा सौम्य असते, आपल्या ब्याडगीसारखी रंगाला चांगली. पण तिखट जातही असते, आणि भरड मिरची नि मिठाची 'एरोश पिश्ता' नावाची चटणी बरणीत मिळते. ती सूपमध्ये चमचाभर घालतात. आपल्या खर्ड्याची ती लाल बहीणच म्हणा.

तुम्ही लिहिलंय, उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटायला डंकावर गेलात तेव्हा 'तिला ठसका लागेल' म्हणून घरी ठेवलंत. हे वाचून मला फार हळहळ वाटली. भाजलेल्या मिरच्या, सुकं खोबरं, तळलेला कांदा आणि लसूण यांचा तो वास तिला तिच्या देशातल्या स्वयंपाकघरापासून लांबचा वाटला नसता. आणि मिरची तशी आपलीही मूळची नव्हे. अमेरिकेतून निघालेली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली, आणि तुर्कांच्या वाटेनं हंगेरीत गेली असं मानतात. त्याआधी आपले लोक मिऱ्यावर आणि पिंपळीवर भागवत होते.

तुमच्या भाच्याचीही गोष्ट पत्रात आहे. तासगावच्या मळ्यात त्यानं 'यांच्याकडे पाण्यासारखी पितात' म्हणत तिच्या हातात बिअर दिली आणि ग्लासाला ग्लास लावला. तिनं ग्लास खाली ठेवला, तेव्हा तो म्हणाला, वहिनी भाव खाते. भाच्याला एवढं सांगा: १८४९ साली ऑस्ट्रियानं आराद इथं तेरा हंगेरियन सेनापतींना मृत्युदंड दिला. तेव्हा ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटून आनंद केला, असं तिथं पिढ्यान् पिढ्या सांगतात. म्हणून पुष्कळ हंगेरियन माणसं आजही बिअरचा ग्लास ग्लासाला लावत नाहीत. कदाचित ती त्यामुळं थांबली, कदाचित तिला बिअरच आवडत नसेल, किंवा सासूसमोर प्यायचा संकोच वाटला असेल. भाच्यानं यातलं काहीच विचारलं नाही.

हंगेरीत तोकाय नावाचा द्राक्षांचा प्रदेश आहे. तिथं द्राक्षं वेलीवरच सुरकुतू देऊन त्यांची गोड वाईन करतात. बेदाण्याच्या मुलखातल्या माणसाला हे ऐकायला आवडेल. पण म्हणून भाच्यानं आता वाईनची बाटली घेऊन येऊ नये. तिला मळ्यात काय प्यायचंय, उसाचा रस, ताक की नुसतं पाणी, हे ती सांगेल.

तेच तिखटाचं. काकूंचं ऐकून उद्या तुम्ही झणझणीत मटण करून पाहुण्यांसमोर 'बघा, आमची परदेशी सून कशी खाते' असं दाखवू नका. मोबाईलवर शूटिंग तर मुळीच नको. कालपर्यंत अळणी खाणारी गोरी आणि आजपासून खर्डा खाणारी गोरी, दोन्हीकडे तिला बघायलाच ठेवलेलं असतं. तिला कोथिंबीर साबणासारखी लागत असेल, पुष्कळांना लागते. आपला साखरेचा चहा नकोसा वाटत असेल. या नावडी तिच्या स्वतःच्या असतील, हंगेरीच्या नव्हेत.

मुलावर मात्र मी नाराज आहे. तुम्हीच लिहिलंय की बुडापेस्टच्या ऑफिसात 'इंडियन म्हणजे शाकाहारी' असं धरून पार्टीत त्याच्यापुढं नुसत्या भाज्या यायच्या, आणि रविवारी मटणाशिवाय न जेवणारा हा पोरगा फोनवर तुमच्याकडं कुरकुरायचा. तुमचा जीव तुटायचा. आता तेच त्याच्या बायकोच्या वाट्याला आलंय आणि तो म्हणतो, मध्ये कशाला पडू! तिला काय आवडतं हे या घरात त्याला सगळ्यात आधी ठाऊक होतं. आल्या दिवशीच त्यानं तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याला बसवून हे बोला.

पण सुनेशी बोलायला त्याला दुभाष्या करू नका. स्वयंपाकघरात दोघीच असताना सरळ विचारा, 'आज आमच्यातलंच खाणार का?' खर्ड्याचा विषय काढायचा असेल तर हसून काढा. 'मला का नाही सांगितलंस' हा प्रश्न आत्ता नको, तिला तो आरोप वाटेल. पातेलं एकच चढवा आणि ताटाशेजारी दह्याची वाटी ठेवा. तिकडंही तिखट रश्श्यात वरून आंबट साय घालतात, तिला ते नवीन नाही.

आणि एखाद्या रविवारी तिला गुयाश, म्हणजे तिकडचा मांसाचा रस्सा, करायला सांगा, मटणाचा. ती भरपूर कांदा परतेल आणि मग पातेलं गॅसवरून उतरवून त्यात पॅप्रिका घालेल, कारण फार तापलेल्या तेलात ती करपून कडू होते. तुम्ही कांदा-लसूण चटणी घालताना जी काळजी घेता, तीच. तुमच्या डब्यातली चटणी घालून बघू का म्हणाली तर डबा पुढं करा.

शेवटचं हळदीकुंकवाचं. चैत्रात सगळ्या बायकांना कैरीची डाळ आणि पन्हं मिळालं आणि हिच्या हातात बिस्किटांची बशी आली, तेव्हा तुम्हीही गप्प बसलात. श्रावणात पुन्हा बोलावणी येतील. कुणी तुम्हाला विचारलं, 'हिला काय चालतं हो?', तर 'तिलाच विचारा, तिला मराठी येतं' म्हणा आणि ती काय सांगते ते तुम्हीही ऐका.