नोकरी सोडताना घेतलेल्या फाइल्सवरून लीगल नोटीस आली आहे. त्या डिलीट करून टाकाव्यात का?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या कंपनीतून राजीनामा देताना वेंडरचे रेट, कोटेशन आणि काही ड्रॉइंग्ज स्वतःच्या जीमेलवर पाठवलीत, थोडं पेनड्राइव्हवर घेतलंत, आणि आता जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. मित्र म्हणतो, सगळं उडवून टाक, पुरावाच नाही तर काय करतील? मी पुण्यात अशाच दाव्यांची कामं बघणारी वकील आहे. कळकळीनं सांगते, एकही फाइल उडवू नका.

हे किती महागात पडतं, ते ड्यूपाँट विरुद्ध कोलोन या अमेरिकेतल्या खटल्यात बघा. बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात तो केव्हलारचा धागा ड्यूपाँट कंपनीचा. तिथे वीसहून जास्त वर्षं काढलेल्या मायकेल मिचेलची नोकरी २००६ मध्ये गेली. कंपनीची गोपनीय माहिती त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती, आणि पुढे तो तसाच धागा बनवणाऱ्या कोरियाच्या कोलोन कंपनीला सल्ला देऊ लागला. २०१० मध्ये त्याला १८ महिन्यांची कैद झाली.

ड्यूपाँटने कोलोनवर फेब्रुवारी २००९ मध्ये व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. बातमी पोचताच कोलोनमधल्या काही जणांनी फाइल्स आणि ईमेल उडवायला घेतले. मोजदाद झाली तेव्हा आकडा निघाला १७,८११. काय काय काढायचं याच्या खुणा त्यांनी स्क्रीनशॉटवर करून ठेवल्या होत्या, आणि ते स्क्रीनशॉट कोर्टापुढे आले. काही नष्ट करू नका अशी सूचना कंपनीनं सगळ्यांना पाठवली होती, पण इंग्रजीत, आणि वाचणारे कोरियन! उडवलेल्यातलं बरंच काही तज्ज्ञांनी परत मिळवलं. तरीही न्यायाधीश रॉबर्ट पेन यांनी २०११ मध्ये ज्युरीला (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला) सांगितलं की हे मुद्दाम उडवलं गेलं आहे, आणि त्यात कोलोनच्या विरोधातलंच काही होतं असं तुम्ही धरून चालू शकता. ज्युरीनं सुमारे ९२ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. तो निकाल २०१४ मध्ये अपिलात वेगळ्या कारणानं रद्द झाला हे खरं, पण २०१५ मध्ये कोलोननं फौजदारी गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून ३६ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

आपल्याकडे ज्युरी नाही, पण नियम तोच. जो पुरावा हजर करता आला असता तो दाबून ठेवला, तर तो तुमच्या विरुद्धच गेला असता असं कोर्ट गृहीत धरू शकतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये ते उदाहरण देऊनच सांगितलंय. त्याहून गंभीर म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २४१. कोर्टापुढे येऊ नये म्हणून कागद किंवा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आज तुमच्यावर परवानगीशिवाय डेटा घेतल्याचा आरोप आहे (माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ४३ आणि ६६), उद्या त्यावर हा दुसरा गुन्हा चढेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि उडवून लपत नाही. तुम्ही पाठवलेल्या मेलची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. लॅपटॉपला कोणता पेनड्राइव्ह लावला, त्याचा सीरियल नंबर आणि तो लावल्याची वेळ विंडोज लिहून ठेवतं. कोर्ट कमिशनर (कोर्टानं नेमलेला माणूस) येऊन लॅपटॉपची मिरर इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतो तेव्हा तज्ज्ञ या नोंदी हमखास बघतो. फाइल्स पुसायचं सॉफ्टवेअर चालवलंत तर बहुतेक वेळा तेही दिसतं, आणि तारीख नोटीस आल्यानंतरची असली की पुढे बोलायला काही उरत नाही.

तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. करार कायद्याच्या कलम २७ मुळे, नोकरी सुटल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचंच नाही ही अट साधारणपणे टिकत नाही. कल्याणच्या सेंच्युरी मिलच्या टायरकॉर्ड (टायरमधला धागा) विभागातले गोलिकरी प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्याच्या वादात सुप्रीम कोर्टात हरले (१९६७), पण त्यांनी पाच वर्षांचा करार मुदतीआधीच सोडला होता. तुमच्या डोक्यातला अनुभव तुमचा आहे. रेटची यादी आणि ड्रॉइंग्ज मात्र कंपनीची, आणि त्यावर मनाई हुकूम मिळू शकतो.

तेव्हा पेनड्राइव्ह पाकिटात घालून बाजूला ठेवा, पुन्हा कुठेही लावू नका. मेल उघडू नका, फॉरवर्ड करू नका, अगदी वकिलालाही नाही. फोन रिसेट करू नका, व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. नव्या कंपनीच्या लॅपटॉपवर यातली एकही फाइल जाऊ देऊ नका. आधीच गेली असेल, एखादा रेट कोटेशनमध्ये वापरला असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. त्याच्याशी तुमचं बोलणं कायद्यानं गोपनीय असतं, आणि हीच गोष्ट त्याला पुढे समोरच्या वकिलाकडून कळली तर तो तुम्हाला फारसं वाचवू शकत नाही.

नोटिशीला मुदतीत उत्तर जाऊ द्या. त्यात फाइल्स जशाच्या तशा जपून ठेवल्या आहेत एवढं सांगून, दोन्ही बाजूंना चालेल अशा तज्ज्ञासमोर प्रत काढून त्या परत करायची तयारी दाखवता येते. नंतर तुमच्याकडच्या प्रती लेखी संमतीनं पुसून तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. माझ्याकडची अशी बरीच प्रकरणं दाव्यापर्यंत न जाता तिथेच मिटली आहेत.