प्रोबायोटिक (आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचे) थेंब दिल्यास नवजात बाळाला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवणे टळेल का?

टळणार नाही. हे एवढेच वाक्य सात वर्षांपूर्वी मला माझ्या थोरल्या नणंदबाईंना सांगता आले नव्हते, म्हणून उत्तर लिहायला बसले आहे.

माझी मुलगी तिसऱ्या दिवशी पोटापर्यंत पिवळी पडली आणि रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे द्रव्य, १७ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) भरले. डॉक्टरांनी लगेच प्रकाशोपचार सांगितला, परंतु वन्सं म्हणाल्या, "आतड्यातले चांगले जिवाणू वाढले की कावीळ आपोआप उतरते, इवल्याशा जिवाला दिव्याखाली कशाला ठेवता?" त्यांच्या मुलाची कावीळ थेंब दिल्यावर चार दिवसांत उतरली होती, हा त्यांचा पुरावा. बहुतेक निरोगी बाळांची कावीळ काहीही न देता उतरते, हे तेव्हा कोणालाच सुचले नाही. त्या वादात दुपार गेली आणि रात्री आकडा साडेअठरावर पोहोचला. मग मात्र मी कोणाला न विचारता होकार दिला. दुसऱ्या दिवशी आकडा उतरू लागला.

वन्संचा तर्क मुळात खोटा नव्हता, हे मान्य करते. यकृताने आतड्यात सोडलेल्या बिलिरुबिनचे पुढचे रूपांतर जिवाणू करतात. नवजात बाळाच्या आतड्यात ते पुरेसे नसल्याने त्यातील बराच भाग पुन्हा रक्तात शोषला जातो. प्रकाशोपचाराच्या जोडीला प्रोबायोटिक दिल्यास बिलिरुबिन थोडे लवकर उतरते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पण ते अभ्यास बहुतांशी लहान आहेत आणि प्रत्येकात जिवाणू वेगळा आहे. शिवाय ते जोडीला दिलेले होते, दिव्याऐवजी नव्हे, आणि आमच्या घरी नेमका हाच शब्द गाळला गेला. निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनचे रूपच असे बदलतो की ते यकृताच्या प्रक्रियेवाचून शरीराबाहेर पडू शकते, आणि हा परिणाम काही तासांत दिसतो. बिलिरुबिन फार वाढून मेंदूत उतरले तर होणारी इजा कायमची असते. जिवाणू आतड्यात रुजण्याची वाट पाहण्याइतकी सवड तिथे नसते.

आपल्या बाळाचा आकडा आणि त्याचे वय तासांत किती, हे आपण लिहिलेले नाही. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ किंवा पांढुरकी शी असेल, तर हे वाचत बसू नका, दवाखान्यात जा. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर थेंब स्वतःहून मुळीच देऊ नका: अशा बाळांच्या रक्तात हेच जिवाणू शिरून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तसा इशाराही दिला आहे. वन्संना तो मी पाठवला होता. उत्तर आलेले नाही.