डिटेक्टरच्या टक्क्यांवर मार्क कापू नका

मॅडम, तुमचा प्रश्न असा: नागपुरातल्या कॉलेजात बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या ६० मुलांनी पर्यावरणाचे प्रकल्प दिले, बरेचसे एकाच साच्यातले वाटतात, मजकूर एआयने लिहिला का हे ओळखू पाहणारा डिटेक्टर काहींवर '८० टक्के एआय' दाखवतो. तर मार्क कापावेत का? त्या आकड्यावरून एकही मार्क कापू नका.

मजकूर कुठून आला हे डिटेक्टरला कळत नाही. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, यावरून तो अंदाज बांधतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी लिहिताना मोजके शब्द आणि पाठ झालेल्या रचना वापरतात, आणि नेमकं तेच त्याला संशयास्पद वाटतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढले. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या माणसांनीच लिहिलेले हे निबंध, तरी सरासरी ६१ टक्के एआयचे ठरले. ओपनएआयने त्याच वर्षी जुलैत स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून बंद केला. 'हे तू लिहिलंस का?' असं चॅटजीपीटीलाच विचारण्यातही अर्थ नाही. दुसऱ्यांना काय लिहून दिलं हे त्याला माहीत नसतं, तरी अनेकदा तो ठामपणे उत्तर देतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली १० टक्क्यांची सूट दुसरीकडच्या मजकुराशी असलेल्या साम्यासाठी आहे. एआयच्या टक्क्यांना ती लावू नका.

हाती आलेल्या प्रकल्पांची तोंडी घ्या. प्रत्येकी ४ मिनिटं धरली तर ४८ मिनिटांच्या तासाला १२ मुलं होतात, पाच तासांत वर्ग संपतो. 'प्रकल्पाबद्दल सांग' म्हणू नका, तेवढं पाठ करून येतात. त्यांच्याच पानावरच्या एका वाक्यावर बोट ठेवा. 'नाग नदीच्या प्रदूषणामुळे जैवविविधतेवर विपरीत परिणाम झाला आहे' असं लिहिलंय? मग कोणते पक्षी, कोणते मासे, कुठल्या पुलाजवळ, हे कुणी सांगितलं? काम केलेलं मूल अडखळत का होईना, काहीतरी नेमकं सांगतं. नुसतं उतरवलेलं असेल तर तेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळतं. बुजरी मुलं गप्प बसतात, त्यांना उत्तर लिहून द्यायला सांगा.

मग संदर्भसूचीतल्या दोन नोंदी निवडून त्या पानांचे फोटो मागा. एआयने रचलेला संदर्भ फार सभ्य दिसतो: लेखकाचं नाव ओळखीचं, प्रकाशक पुण्याचा, साल पटण्यासारखं, आणि असं पुस्तकच नाही. संदर्भ कसा दिसतो ते त्याला येतं, पुस्तक शोधायला तो कपाटाकडे जात नाही. इंटरनेट जोडलेलं असेल तर दुवा खरा निघतो, पण तिथे ते विधान सापडेलच असं नाही. म्हणून पान उघडून बघायचंच.

खरा उपाय पुढच्या सत्रात आहे. 'नागपुरातील पूरसमस्या' असा विषय दिला की कारणे-परिणाम-उपाय येणारच. त्यापेक्षा २३ सप्टेंबर २०२३ चा पूर घ्या. अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. चार-चार मुलांच्या गटाला एकेक गल्ली द्या. तीन घरांत विचारायचं, पाणी भिंतीवर कुठवर आलं ते दाखवून घ्यायचं, जमिनीपासूनची उंची टेपने सेंटिमीटरमध्ये मोजायची, नकाशा हाताने काढायचा. नंतर वर्गातच एआयला त्या गल्लीबद्दल विचारायचं (गटात एक फोन पुरतो) आणि त्याच्या उत्तरातलं काय आपल्या नोंदींशी जुळतं, काय जुळत नाही, हे दोन रंगांत अधोरेखित करायचं. २५ पैकी १० मार्क नोंदवहीला, ५ या तुलनेला, ५ अहवालाला, ५ तोंडीला ठेवा. नोंदवहीवर दर आठवड्याला तारीख घालून सही करा. शेवटी एकदम सही केलीत तर अख्खी वही एका रात्रीत, एकाच पेनाने भरून येते.

अहवालाच्या शेवटी तीन ओळी सक्तीच्या करा: कोणतं साधन वापरलं, काय विचारलं, त्यातलं काय घेतलं. खरं लिहिल्याबद्दल मार्क जाणार नाहीत हे आधीच जाहीर करा, नाहीतर साठच्या साठ जण 'वापरलं नाही' लिहितील. आणि डिटेक्टर कुतूहलापोटी वापरणार असाल, तर मजकूर टाकण्याआधी मुलांची नावं आणि रोल नंबर काढून टाका.