ब्लॉकच्या भिंतीवर २५ लिटरचा गीझर: अँकर फास्टनर चालेल का?

नको. अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फाकून घट्ट बसणारा धातूचा बोल्ट, काँक्रीटसाठी असतो. नट आवळला की त्याची बाही (बोल्टभोवतीची नळी) फाकते आणि भोकाच्या कडांवर जोरात दाबते. काँक्रीट तो दाब सोसतं. हलका एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला सिमेंटचा ब्लॉक) आतून चुरतो, आणि आवळताना बोल्ट नुसता फिरत राहतो. विटेतही, विशेषतः सांध्याजवळ किंवा कडेला, वीट तडकते.

आधी ड्रिलचा भुसा बघा. लाल असेल तर वीट. पांढरट, मऊ आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जात असेल तर ब्लॉक. करडा आणि ड्रिल अडखळत असेल तर काँक्रीट. पहिले १२-१५ मिमी प्लास्टरचे असतात, ते धरून ठेवत नाहीत; खोली त्यापुढे मोजा.

२५ लिटर पाणी म्हणजेच २५ किलो, वर टाकीचं वजन. ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि एएसीसाठीच बनवलेला लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रेझिन, म्हणजे कडक होणारा गोंद, भरून बसवलेला बोल्ट) वापरा. फोटोफ्रेमची साधी गिट्टी इथे अजिबात नको. केमिकलमध्ये सगळं भोकाच्या सफाईवर आहे: हवा मारा, ब्रश फिरवा, पुन्हा हवा. भुसा राहिला तर रेझिन भुशाला चिकटतं, भिंतीला नाही. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत वजन टांगू नका.

भिंतीमागे जाता येत असेल तर मी आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टीच घेईन.